मध्यरात्रीचं विमान आणि पंधरा तारखेची खोली

पत्र: «पुढच्या महिन्यात दहा दिवसांसाठी एकटी परदेशात चालले आहे. याआधी कधी देशाबाहेर गेलेली नाही. विमान १५ तारखेला रात्री १२:३५ ला उतरतं, हॉटेल १५ पासून घेतलं आहे. तिथली भाषा येत नाही. इमिग्रेशनवाले काय विचारतात? पैसे विमानतळावरच बदलू का? एवढ्या रात्री एकटीने टॅक्सीत बसणं बरोबर आहे का? घरचे घाबरलेत, त्यांना काय सांगू? देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उत्तर इतरांनाही उपयोगी पडावं म्हणून.»

उत्तर:

तुमच्या चारही प्रश्नांकडे येऊ, पण आधी हॉटेलचं बुकिंग बदला, आणि ते आजच. १५ तारखेचे रात्रीचे १२:३५ म्हणजे बोलताना आपण जिला १४ ची रात्र म्हणतो, ती. हॉटेलच्या हिशेबात १५ ची खोली १५ ला दुपारी दोन-तीन वाजता ताब्यात मिळते. तुम्ही पहाटे अडीचला दारात उभ्या असाल आणि खोली मिळायला अजून बारा तास असतील. तेव्हा बुकिंग १४ पासून करा. त्यासाठी एका रात्रीचं वेगळं बुकिंग जोडू नका, आहे तेच मागे वाढवून घ्या. दोन बुकिंगं वेगळी असली की सकाळी अकराला खोली रिकामी करायला लावून दुपारी दुसरी देतात.

मग हॉटेलला लेखी कळवा: विमानाचा क्रमांक, आणि «१५ तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास पोहोचेन, खोली १४ च्या रात्रीपासूनची आहे». हे कळवायचं राहिलं तर उलटाच घोळ होतो. १४ च्या मध्यरात्रीपर्यंत पाहुणा दिसला नाही की बरीच हॉटेलं तो आलाच नाही अशी नोंद करून पुढच्या सगळ्या रात्रीही रद्द करतात. उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. दोन दिवसांत आलं नाही तर फोन करा.

जागा लहान गेस्टहाउस असेल तर रात्री काउंटरला माणूस असतोच असं नाही. किल्ली दाराशेजारच्या आकडी कुलपाच्या पेटीत ठेवतात आणि पेटीचा कोड बुकिंगच्या ॲपवर पाठवतात. तो नेमका तुम्ही विमानात असताना येतो, आणि उतरल्यावर इंटरनेट चाललं नाही तर तुम्ही पेटीसमोर उभ्या राहता. कोड निघायच्या आदल्या दिवशी मागून घ्या आणि कागदावर लिहा. इमारतीच्या मुख्य दरवाजाला वेगळा कोड आहे का, हेही विचारा. तो सांगायचा हमखास राहतो.

परतीच्या तिकिटाची वेळही याच नजरेने तपासा. विमान मध्यरात्रीनंतर सुटणारं असेल तर विमानतळावर आदल्या तारखेच्या संध्याकाळीच पोहोचायचं असतं. पूर्ण एक दिवस चुकलेले प्रवासी यातूनच तयार होतात.

मध्यरात्री उतरणाऱ्या माणसाला चोरापेक्षा थकवा जास्त नडतो. झोप झालेली नसते, कानांना दडे बसलेले असतात, आणि तासाभरात दहा-बारा निर्णय घ्यावे लागतात: कुठल्या रांगेत उभं राहायचं, किती पैसे काढायचे, कुठल्या गाडीत बसायचं. म्हणून विमान उतरल्यापासून खोलीचं दार आतून लावेपर्यंतचे सगळे निर्णय घरीच घेऊन एका कागदावर उतरवा. फोनवर नको, कागदावरच. त्यावर हॉटेलचं नाव आणि पत्ता तिथल्या लिपीत छापलेला हवा. थाई, जपानी किंवा अरबी वाचणाऱ्या चालकाला रोमन अक्षरांतला पत्ता बऱ्याचदा कळत नाही. हॉटेलचा फोन देशाच्या कोडसकट, विमानतळापासूनचं अंतर, अधिकृत टॅक्सीचं अंदाजे भाडं, बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक, आपल्या दूतावासाचा क्रमांक आणि तिथला आपत्कालीन क्रमांक. युरोपीय संघात तो ११२ आहे, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिकेला ११९. या कागदाच्या दोन प्रती करा, एक खिशात आणि एक सामानात.

विमानतळाचं नावही त्यावर पूर्ण लिहा. एका शहराला दोन-तीन विमानतळ असतात आणि अंतरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. टोकियोचं हानेदा शहराला लागून आहे, नारिता सुमारे साठ किलोमीटरवर. इस्तंबूलचं मुख्य विमानतळ युरोपच्या बाजूला आणि सबिहा गोकचेन आशियाच्या. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग आहेत. दुसऱ्याच विमानतळाचा मार्ग वाचून ठेवला तर तयारी पाण्यात.

आता इमिग्रेशन. त्याची खरी सुरुवात निघतानाच, विमान कंपनीच्या काउंटरवर होते. तिथला कर्मचारी टिमॅटिक या माहितीकोशात तुमच्या पारपत्राला कुठले नियम लागू होतात ते पाहतो. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड आणि त्याला परत आणण्याचा भार कंपनीवर पडतो, म्हणून तो काटेकोर असतो आणि तिथे विनवण्या चालत नाहीत. पुष्कळ देशांना आगमनापासून सहा महिने मुदत शिल्लक असलेलं पारपत्र लागतं. शेंगेन देशांचा (युरोपातले, एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) नियम वेगळा आहे: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेलं हवं. तिकिटावरचं नाव पारपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही पाहा.

काही देशांनी आगमनाचा फॉर्म ऑनलाइन केला आहे. सिंगापूरचा आणि १ मे २०२५ पासून थायलंडचाही फॉर्म आगमनाआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. दोन्ही फुकट आहेत. शोधताना वर दिसणारी, सरकारी वाटणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात.

अधिकारी साधारण चारच गोष्टी विचारतो. कशासाठी आलात, किती दिवस, राहणार कुठे, परत कधी. एकेका वाक्यात उत्तर द्या आणि थांबा. घाबरलेला माणूस न विचारलेलं सांगत सुटतो आणि त्यातून नवे प्रश्न निघतात. पर्यटनाचा व्हिसा असेल तर «जमलं तर लॅपटॉपवर थोडं कामही करीन» हे वाक्य उच्चारू नका. त्या खिडकीत «काम» या शब्दाला एकच अर्थ असतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि प्रवास विमा छापून हातात ठेवा. फोन खिशात असू द्या, त्या दालनात फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं तर ती अटक नसते. कागद पुन्हा तपासतात, अर्धा-एक तास जातो, एवढंच. भाषेची अडचण वाटली तर दुभाषा मागा. न कळलेल्या प्रश्नाला «हो» म्हणणं फार महागात पडतं.

शिक्का मिळाला की खिडकी सोडायच्या आत त्यावरची तारीख वाचा. तुमचं विमान मध्यरात्रीच्या काठावरचं आहे, शिक्का आदल्या दिवसाचा बसू शकतो, आणि मुक्कामाचे दिवस त्यावरूनच मोजतात. सगळीकडे शिक्का मिळतोच असं मात्र नाही. हाँगकाँगला छोटी चिठ्ठी देतात, ती परत जाईपर्यंत जपा. शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी पद्धत आली. पहिल्या वेळी तिला वेळ लागतो, हे पुढच्या गाडीची वेळ ठरवताना ध्यानात घ्या.

सामानाच्या पट्ट्यावर बॅग आली नाही तर बाहेर पडू नका. कस्टमच्या दाराबाहेर गेल्यावर पुन्हा आत यायला मिळत नाही, आणि बाहेरून केलेल्या तक्रारीला वजन कमी. आतच हरवलेल्या सामानाचं काउंटर असतं. तिकिटाला चिकटवलेली बॅगेची पट्टी दाखवा, नोंद करून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा मॉन्ट्रियल करार (१९९९) लागू असलेल्या प्रवासात बॅग फुटली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या सांभाळा. एक जोड कपडे, तीन दिवसांची औषधं, चार्जर आणि सगळे कागद हातातल्या बॅगेत असले तर ही रात्र नुसती वैतागाची राहते.

औषधांचा नियम लोक हसण्यावारी नेतात. मूळ वेष्टन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव. साध्या सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती गोळी जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन (खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांतलं) आणि झोपेची काही औषधं बऱ्याच देशांत परवानगीशिवाय चालत नाहीत. खाण्याच्या वस्तूंचंही तसंच. न्यूझीलंडमध्ये विमानात दिलेलं सफरचंद पिशवीत विसरून राहिलं आणि जाहीर केलं नाही तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. फॉर्मवर शंका असेल तिथे «आहे» लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात.

पैशांचा प्रश्न. विमानतळावर सगळे पैसे बदलू नका, पण अगदी रिकाम्या हाताने बाहेरही पडू नका. आगमन कक्षातल्या बदली खिडकीचा दर सहसा वाईट असतो. तो ओळखायचा तर फलकावर खरेदी आणि विक्री यांच्या दरांतलं अंतर बघा, अंतर जितकं मोठं तितका तुमचा तोटा. «कमिशन नाही» या पाटीला अर्थ नाही, कमिशन दरातच मुरलेलं असतं. त्यापेक्षा आगमन कक्षातल्या एखाद्या बँकेच्या एटीएममधून दोन दिवसांपुरते काढा.

तिथे पडद्यावर एक गोड प्रश्न येतो: रक्कम तुमच्या देशाच्या चलनात वळती करून खात्यातून घेऊ का? नाही म्हणा. हो म्हटलंत की दर ते यंत्र चालवणारा ठरवतो आणि त्यात स्वतःची भर घालतो. नाही म्हटलं तरी पैसे निघतात, फक्त दर तुमच्या कार्डाच्या जाळ्याचा लागतो. दुकानातल्या कार्ड यंत्रावरही हाच प्रश्न येतो आणि कधी दुकानदार न विचारताच बटण दाबतो. पावतीवर स्थानिक चलन दिसलं पाहिजे.

कार्डं दोन न्या, वेगवेगळ्या जाळ्यांची, म्हणजे एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड असं काहीतरी, आणि वेगवेगळ्या जागी ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर सुरू करा. एटीएमसाठी आणि दुकानासाठी बहुधा दोन वेगळी बटणं असतात, त्यातलं एकच चालू केलेलं असतं आणि मग कार्ड चालत नाही म्हणून रडारड. हॉटेल अनामत म्हणून काही रक्कम अडकवतं. ती डेबिट कार्डावर अडकली तर स्वतःचेच पैसे काही दिवस हाताशी नसतात, म्हणून अनामतीला क्रेडिट कार्ड द्या.

नोटा मिळाल्यावर लगेच त्यांची ओळख करून घ्या. व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळ्या आहेत. टॅक्सीतल्या अंधारात यांची अदलाबदल झाली तर पंचवीसपट पैसे जातात. एटीएम मोठ्या नोटा देतं, म्हणून कक्षातल्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन एक मोडा.

फोनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण टॅक्सी त्यावरच अवलंबून आहे. ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम) घेणार असाल तर ते फोनमध्ये घरीच बसवा, कारण बसवायलाच इंटरनेट लागतं. त्याआधी मुदत बसवल्यापासून मोजतात की तिथलं नेटवर्क पहिल्यांदा मिळाल्यापासून, ते वाचा. फोन एखाद्या कंपनीला बांधलेला असेल तर दुसरं सिम चालत नाही. उतरल्यावर ई-सिमला नेटवर्क दिसतं पण इंटरनेट येत नाही, अशी तक्रार असते तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा त्या लाइनचं डेटा रोमिंग बंद असतं. ते चालू करा, आणि नेहमीच्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद. पण नेहमीचं सिम फोनमध्ये जिवंत ठेवा, त्यावर रोमिंग घेऊन ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार आहेत. विमानतळाच्या मोफत वाय-फायच्या भरवशावर राहू नका. जोडणीसाठी तेही बऱ्याचदा एसएमएसने कोड पाठवतं. शहराचा नकाशा घरीच उतरवून ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, तिला अडचण नाही.

टॅक्सीत बसणं बरोबर आहे का? आहे, फक्त ती कुठली हे आधी ठरलेलं हवं. पहाटे दीड-दोनला शहराच्या गाड्या बहुतेक ठिकाणी बंद असतात, शेवटची कधी सुटते ते विमानतळाच्या संकेतस्थळावर असतं. तुमच्या वेळेला सगळ्यात सोपं म्हणजे हॉटेलला गाडी पाठवायला सांगणं. थोडं महाग पडतं, पण पहिल्या रात्रीसाठी हा पैसा सत्कारणी लागतो, आणि विमानाचा क्रमांक दिलेला असला तर उशीर झाला तरी गाडी थांबते. चालक तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असेल. पाटी कुणीही वाचून नक्कल करू शकतो, म्हणून «कुठल्या हॉटेलला न्यायचंय?» हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. तुम्ही हॉटेलचं नाव आधी घेतलं की तो नुसता मान हलवेल. ॲपची गाडी असेल तरी तसंच: नंबरप्लेट जुळवा आणि प्रवाशाचं नाव त्याला सांगू द्या. ॲपच्या गाड्यांची जागा पुष्कळदा आगमनाच्या दारात नसते, वेगळ्या मजल्यावर किंवा पार्किंगमध्ये असते. ती खूण आधी बघून ठेवा.

काच सरकते आणि तुम्ही बाहेर येता, तेव्हा पहिली वीस-तीस पावलं थांबायचं नाही. तिथेच घुटमळणाऱ्या माणसाला गाठायला लोक उभे असतात. सरळ चालत भिंतीशी किंवा खांबाशी जा, पाठ टेकवा, मग कागद काढा. ठोकताळा सोपा आहे: आपणहून जवळ येऊन गाडी, हॉटेल किंवा सिम विचारणाऱ्याला «माझा माणूस येतोय» सांगून चालू पडा. विचारायचं असेल तर गणवेशातल्या किंवा काउंटरमागच्या माणसाला तुम्ही विचारा. «ते हॉटेल बंद पडलंय», «तिथे पाणी शिरलंय, दुसरं दाखवतो», «मीटर बिघडलाय» ही वाक्यं जगभर एकाच चालीत ऐकू येतात. हॉटेलने लेखी उत्तर दिलेलं आहे, म्हणून पहिल्या दोन वाक्यांचा त्रास तुम्हाला नाही. तिसरं ऐकलं की उतरायचं, आणि म्हणून गाडी सुरू व्हायच्या आधीच मीटरचं बोलायचं.

मागे बसा. पारपत्र, पैसे, फोन असलेली पिशवी मांडीवर, डिकीत नाही. उतरताना डिकीतली बॅग खाली आली की मगच पैसे द्या.

हॉटेलची गाडी मिळाली नाही, अधिकृत रांगही ओसाड असेल, तर उजाडेपर्यंत विमानतळावर बसून राहणं हा कमीपणाचा मार्ग नाही. फक्त ते रात्री उघडं असतं का हे आधी पाहा, काही विमानतळ शेवटच्या विमानानंतर प्रवाशांना बाहेर काढतात. विमानतळातल्या हॉटेलात खोली घ्यायची असेल तर ते इमिग्रेशनच्या आत आहे की बाहेर, हे नक्की करा. आतलं हॉटेल फक्त पुढे जाणाऱ्या प्रवाशांसाठी असतं, एकदा शिक्का घेऊन बाहेर पडल्यावर तिथे जाता येत नाही.

हॉटेलमध्ये पारपत्राची नोंद किंवा प्रत घेणं रीतीचं आहे. इटलीसारख्या देशांत हॉटेलला पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवावी लागते. पारपत्र ठेवूनच घेऊ म्हणाले तर नम्रपणे परत मागा. काउंटरवाल्याने खोलीचा क्रमांक चारचौघांत मोठ्याने उच्चारला तर दुसरी खोली मागायला संकोच नको. खोलीत शिरताना दार बॅगेने अडवून उघडं ठेवा, न्हाणीघर आणि कपाट बघा, शेजारच्या खोलीत उघडणारं आतलं दार असेल तर त्याचं कुलूप ओढून बघा, मग दार लावा. आणि बाहेर पडून आगीच्या जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते मोजा. धूर भरला की पाटी दिसत नाही, दारं हाताने चाचपून मोजता येतात.

घरच्यांना «काळजी करू नका» सांगून काही होत नाही, त्यांना वेळापत्रक द्या. पारपत्र, व्हिसा, तिकीट, विमा यांच्या प्रती आणि तो कागद त्यांच्याकडे ठेवा. दोन संदेश ठरवा, एक सामान मिळाल्यावर आणि एक खोलीत पोहोचल्यावर. दुसरा पहाटे चारपर्यंत आला नाही तर काय, तेही ठरवा: सकाळी आठपर्यंत वाट पाहायची, मग हॉटेलला फोन, हॉटेलने नाही म्हटलं तर विमान कंपनी आणि मग दूतावास. वेळा त्या देशाच्या घड्याळाच्या की घरच्या, हे लिहून ठेवा. फोनची बॅटरी संपली म्हणून अख्खं घर रात्रभर जागं राहिल्याचे प्रकार हे सगळं आधी न ठरवल्यामुळेच होतात. पारपत्र हरवलं तर आधी पोलिसांत नोंद आणि मग दूतावास, हा क्रम त्यांनाही माहीत असू द्या. आणि कुठल्याही कारणाने पोलिसांनी ताब्यात घेतलंच, तर आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करायची. वकिलातींविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या छत्तिसाव्या कलमाने तो हक्क दिला आहे, पण आपणहून कुणी आठवण करून देईलच असं नाही.

पहिला दिवस मोकळा ठेवा, कसलंही तिकीट काढू नका. दुपारी झोपायचंच तर गजर लावून अर्धा तास.

ता. क. त्या देशात वाहनं रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालतात ते निघण्याआधी बघा. आपल्या सवयीच्या उलट असतील तर रस्ता ओलांडताना मान आपसूक चुकीच्या बाजूला वळते आणि गाडी दुसरीकडून येते. पहिले दोन-तीन दिवस सिग्नललाच ओलांडा आणि दोन्हीकडे दोनदा बघा, एकेरी रस्ता असला तरी.